प्रिय दिग्या, सरांचं लिखाण उघडत नाही

पुणे
रविवार, 9 नोव्हेंबर 2025

प्रिय दिग्या,

सर गेल्याचं तुला दोन ओळींत कळवलं. तू फोन केलास, मी उचलला नाही. दोनदा. तिसऱ्यांदा तू केला नाहीस, बरोबरच केलंस. रागावला असशील तर रागाव, पण हे पत्र शेवटपर्यंत वाच. झालंय ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही. बायकोला सांगितलं, तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अरे, पण तुझी काय चूक त्यात?" चूक कुठे आहे ते फक्त तुला दिसेल, कारण ती तू मला सहा वर्षांपूर्वी बोट ठेवून दाखवली होतीस.

तब्येत ठीक. बीपीची गोळी चालू झाली आहे. आईचा गुडघा तसाच.

गेल्या रविवारी सांगलीला सरांच्या घरी गेलो होतो. काकूंनी चहा दिला आणि आतून फोन आणला. नवा, पाठीवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. दोन्ही हातांत, प्रसादाची वाटी धरावी तसा धरलेला. म्हणाल्या, "ह्यात ह्यांचं लिहिलेलं दिसत नाही रे. तू जरा बघ." उघडून बघितलं तर आपण दोघांनी बनवलेल्या निरोपांच्या अ‍ॅपचं पहिलं पान, तुझंच वाक्य समोर, "नमस्कार. सुरुवात करण्यासाठी तुमचा नंबर टाका."

दिग्या, मला क्षणात कळलं आणि तरी मी पाच मिनिटं उगाच सेटिंग्जमध्ये फिरत राहिलो.

झालं होतं असं. सरांचा जुना फोन पार थकला होता, बॅटरी दुपारपर्यंतसुद्धा टिकत नव्हती. दादाने दिवाळीत तो एक्स्चेंजला दिला आणि काकूंना नवा घेतला. दुकानातल्या पोराने सगळं नीट नव्या फोनवर आणलं: फोटो, नंबर, व्हॉट्सअ‍ॅप, गणपतीच्या आरत्यासुद्धा. आपलं अ‍ॅपही आलं, पण रिकामं. जुना फोन त्याने तिथल्या तिथे रिसेट करून दिला, कुणाची खाजगी माहिती जाऊ नये म्हणून. म्हणजे पोरगा शहाणा होता. मी दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो, त्याला भेटलो. त्याने ट्रान्स्फरची यादी दाखवली. सगळ्या अ‍ॅपांपुढे हिरवी खूण, आपल्यापुढे आडवी रेघ. "काका, हे अ‍ॅप स्वतःच देत नाही डेटा," असं तो मलाच समजावून सांगत होता. खरंच सांगत होता. मॅनिफेस्टमधली, म्हणजे फोनला अ‍ॅपचे नियम सांगणाऱ्या फाइलमधली, ती ओळ: 'अलाउबॅकअप = फॉल्स', म्हणजे बॅकअप नको. ती ओळ घालणारी कमिट माझी आहे.

आणि ती ओळ नसती तरी काय? डेटाबेसची फाइल आली असती, पण तिची किल्ली फोनच्या चिपमधल्या कीस्टोअर नावाच्या तिजोरीत. ती बाहेर निघतच नाही, म्हणून तर आपण ती तिथे ठेवली. रिसेट केल्यावर तीही गेली. आता तो फोन कुठल्या गोदामात आहे ते शोधून काढलं तरी हाती नुसता कचरा येईल. आपण इतकं चोख काम केलंय.

लिहिलेलं काय होतं ते तुला ठाऊक आहे. 2019 चा पूर आठव. ऑगस्टमध्ये पाणी उतरल्यावर आपण दोघं गेलो होतो, घरात गुडघाभर चिखल, आणि सर अंगणात खुर्ची टाकून त्यांच्या वह्या एकेक पान सोडवत होते. शाईचा नुसता निळा डाग राहिला होता. वडिलांच्या आठवणी, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्यांची नावं, शाळेतल्या मास्तरांनी शिकवलेली कोडी. चाळीस वर्षांचं लिखाण. तेव्हा त्यांच्या फोनवर 'स्वतःसाठी' हे पान उघडून देणारा मी. "सर, आता इथे लिहा. वही भिजते, हे भिजत नाही. आणि तुमच्याशिवाय कुणीच वाचू शकणार नाही." हे मी किती अभिमानाने म्हणालो होतो! त्यांनी चष्मा वर करून विचारलं होतं, "कुणीच?" मी म्हणालो, "कुणीच."

काकू सांगत होत्या, रोज पहाटे घाटावर फिरून आले की चहा होईपर्यंत लिहायचे. एका बोटाने. सहा वर्षं. ताईला पाठवलेले निरोप ताईच्या फोनवर आहेत, तुला-मला पाठवलेले आपल्याकडे आहेत. पण स्वतःला लिहिलेलं कधी त्या फोनच्या बाहेर गेलंच नाही. सर्व्हरवरही नाही. सर्व्हर तपासला मी, उगाचच. नसणारच होतं.

काकू म्हणाल्या, "तूच केलंयस ना हे? मग तुलाही उघडता येत नाही?"

असा प्रश्न कुणी विचारला की आपण खूश व्हायचो, आठवतं? आपल्यालाही उघडता येत नाही, हाच तर पुरावा. त्या दिवशी मला तोंड वर करता येईना. मी त्यांना समजावून सांगितलं, म्हणजे प्रयत्न केला. म्हणालो, काकू, घराला कुलूप लावून किल्ली घरातच ठेवावी आणि मग घरच पाडावं, तसं झालं. त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "घर आम्हीच पाडलं म्हणायचं." मी किती वेळा नाही म्हणालो त्याला गणती नाही. पण दादाच्या मनात ते बसलंय. तो माझ्याशी बोलत होता पण नजर जमिनीवर.

आता आपल्या भांडणाकडे येतो. त्याच घराच्या गच्चीवर, चिखल काढून झाल्यावर, रात्री. तू म्हणालास, वही बुडते तसा फोनही बुडतो, बॅकअप पाहिजे आणि तो आपणहून चालू पाहिजे. मी म्हणालो, बॅकअप म्हणजे मागचं दार. मी तुला 2016 चं, सिग्नल या निरोपांच्या अ‍ॅपचं उदाहरण ऐकवलं: अमेरिकेत व्हर्जिनियातल्या ग्रँड ज्युरीने माहिती मागवली, तेव्हा त्यांच्याकडे द्यायला फक्त दोन गोष्टी होत्या, खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं. जे आपल्याकडे नाही ते कुणी मागू शकत नाही. व्हॉट्सअ‍ॅपचंही सांगितलं, की 2016 मध्ये निरोप कुलूपबंद केले खरे, पण ड्राइव्हवरचा बॅकअप उघडाच ठेवला. तू म्हणालास, "मग आपण बॅकअपलाही कुलूप लावू." मी म्हणालो, त्या कुलपाची किल्ली लोक हरवतील आणि मग आपल्याला शिव्या घालतील. तू चिडून म्हणालास, "तू माणसांसाठी नाही, पोलिसांविरुद्ध अ‍ॅप लिहितोस." हे वाक्य मला फार लागलं होतं. दोन महिने मी तुझ्या पॅचना, कोडमधल्या दुरुस्त्यांना, उत्तर दिलं नाही. त्याबद्दल आज माफी मागतो, सरळ, कारणं न सांगता.

व्हॉट्सअ‍ॅपने 2021 मध्ये बॅकअपलाही कुलूप लावलं, 64 आकड्यांच्या किल्लीचं. सिग्नलच्या अँड्रॉइडवर 30 आकड्यांचा स्थानिक बॅकअप तर तेव्हाही होताच, तो मी तुला सोयीस्करपणे सांगितला नाही. आणि यंदा सप्टेंबरमध्ये त्यांनीही क्लाउडवरचा कुलूपबंद बॅकअप आणला, किल्ली वापरणाऱ्याच्याच हातात. हे मी सर जायच्या दोन आठवडे आधी वाचलं आणि मनात म्हणालो, बघू, डिसेंबरात बघू.

पण तुझं सगळं खरं होतं असंही मी म्हणणार नाही. आपलं अ‍ॅप वापरणाऱ्या त्या बाई आठवतात, ज्यांनी लिहिलं होतं की नवरा फोन हिसकावून सगळं वाचतो, एकही निरोप मागे राहता कामा नये? त्यांच्या कपाटात किल्लीचा कागद सापडला तर? आणि 2023 चा मे महिना. चौदा अ‍ॅप्स सरकारने बंद केल्याची बातमी आली, त्यात ब्रायर आणि एलिमेंट, म्हणजे आपल्यासारखीच उघड्या सोर्सची, आणि तू तिकडे रात्रीचे दोन वाजले असताना फोन करून विचारलंस, "आपण आहोत का यादीत?" नव्हतो. आपली खाती हजाराच्या आतबाहेर, आपल्याला कोण विचारतो. 'पहिला निरोप कुणाचा' हे शोधून देण्याचा 2021 चा नियमसुद्धा पन्नास लाखांच्या वरच्यांना. पण त्या रात्री भीती खरी होती, आणि सर्व्हरवर काही नाही हाच एक दिलासा होता. तो मला सोडायचा नाही. म्हणून तुझं 'आपणहून चालू' मला अजूनही मान्य नाही. विचारायचं. पहिल्याच दिवशी, स्पष्ट, आणि 'नको' म्हणणाऱ्याला पुन्हा छळायचं नाही.

किल्लीचा कागद सर कुठे ठेवतील, हा विचार करत परतीच्या एसटीत बसलो होतो. पंचांगात ठेवला असता. पंचांग दर पाडव्याला बदलतं, जुनं रद्दीत. कराडच्या पुढे कुठेतरी डोक्यात आलं: एक कागद नकोच. किल्लीचे वाटे करायचे. आदी शमीर या संगणकशास्त्रज्ञाची 1979 ची पद्धत. तीन वाटे, कुठलेही दोन आले की किल्ली उभी राहते, एकट्याने काही कळत नाही. आणि दिग्या, ती पद्धत म्हणजे दुसऱ्या वर्षाला सरांनी शिकवलेलं इंटरपोलेशन, दिलेल्या बिंदूंतून जाणारी रेषा शोधणं, आहे रे! फळ्यावर एक बिंदू काढून ते म्हणाले होते, "ह्यातून किती रेषा जातात?" तू मागून ओरडलास, "सर, तुम्ही काढाल तितक्या!" वर्ग हसला, तेही हसले. मग दुसरा बिंदू काढला आणि म्हणाले, आता काढून दाखव. एकच. रेषा जिथे अक्षाला छेदते ते गुपित. प्रत्येकाच्या हातात एक बिंदू. काकूंकडे एक, ताईकडे एक, सरांच्या ड्रॉवरमध्ये एक. त्या बाईंच्या नवऱ्याला एक सापडला तरी त्याच्या हाती काहीच नाही. बॅकअपची फाइल सर्व्हरवर नाही, मेमरी कार्डवर किंवा जिथे ज्याला हवी तिथे.

मी एसटीतून उतरलो तेव्हा माझे डोळे भरले होते. हे सरांना विचारता आलं असतं. आपण कधी विचारलंच नाही, ते आपले फक्त पहिले वापरणारे. समोरचा खरा तोच ना हे पडताळायचा साठ आकड्यांचा सुरक्षा क्रमांक कोल्हापूरच्या भावाला लँडलाइनवरून पाढ्यासारखा म्हणून दाखवणारे, मधे एक आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. 'कूटबद्ध' की 'संकेतबद्ध' यावर आपण आठवडाभर भांडलो, तेव्हा "अरे, कुलूपबंद म्हणा की" म्हणणारे. तो शब्द अजून अ‍ॅपमध्ये आहे.

आता मागणं. मी कोडची 'वाटे' नावाची वेगळी ब्रँच काढली आहे. वाटे पाडण्याचं लिहून झालंय, पण एकट्याने लिहिलेल्या क्रिप्टोवर माझा विश्वास नाही, माझ्या स्वतःच्या तर मुळीच नाही. रँडम आकडे कुठून घेतलेत आणि गुणाकाराचा कोष्टक-कोड किती वेळ घेतो त्यावरून गुपित फुटतं का, हे तू बघ. दुसऱ्या कुणाला देता येत नाही. एक जण गेलं वर्षभर छान पॅचेस पाठवतोय आणि आता कमिटचा, म्हणजे थेट कोड बदलण्याचा, हक्क मागतोय, गोड बोलतो. असेलही भला. पण एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चोरदार घुसवल्याचं प्रकरण झाल्यापासून माझी झोप हलकी झाली आहे. दोन वर्षं असंच गोड बोलून त्या माणसाने कोड सांभाळणाऱ्या थकलेल्या एकट्या मेंटेनरचा विश्वास मिळवला होता, आणि कुणाचं लॉगिन अर्ध्या सेकंदाने रेंगाळलं म्हणून ते मार्च 2024 मध्ये सापडलं. मीही थकलेला एकटा मेंटेनर आहे. तू 2021 मध्ये गेलास तेव्हा तुझा हक्क मी काढला नव्हता. आजही आहे. तुझ्या किल्लीने सही कर आणि ढकल.

तुझं नवं घर कसं आहे? चिमीचे पुढचे दात पडल्याचा फोटो बघितला, हुबेहूब तू. वहिनींची नोकरी लागली ना? सविस्तर कळव, मी खरंच विचारतोय.

काकूंना फोन कर. दुपारी चारनंतर, आधी त्या झोपतात. अ‍ॅपबद्दल काही बोलू नकोस, त्यांनी काढलं तरच. आणि दादाला वेगळा कर. त्याला तुझं ऐकायची सवय आहे. घर त्याने पाडलं नाही, हे माझ्याकडून त्याला पटत नाही.

राहिलं एकच. पहिल्या दिवशी पडद्यावर जो प्रश्न विचारायचा तो मराठीत लिहून दे. "तुमच्यानंतर हे कुणी वाचावं असं तुम्हाला वाटतं?" इथपर्यंत मी येतो आणि खोडतो. 'तुमच्यानंतर' हा शब्द सरांना समोर बसवून विचारल्यासारखा वाटतो. तू लिही. तुला नेहमीच साधं लिहिता यायचं.

तुझा,
श्री