‘ब्रेक निकामी झाले’ एवढ्यावर बातमी थांबवू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

घाटातल्या अपघाताची बातमी आली की तिच्यात एक वाक्य हमखास असते : ‘ब्रेक निकामी झाल्याने चालकाचा ताबा सुटला.’ पुढे जखमींची संख्या, वाहतूक किती वेळ खोळंबली, आणि बातमी संपते. ब्रेक कशामुळे निकामी झाले, हे कोणी विचारत नाही. माझ्या स्वतःच्या पायाखालचा ब्रेक गेला, तेव्हापासून मी ते विचारू लागले आहे.

मी वाईला राहते आणि पाचगणीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. गाडी २००६ ची वॅगन-आर, पंधरा वर्षे झाल्यावर पुन्हा नोंदणी करून घेतलेली. सकाळी पसरणी घाट चढायचा, संध्याकाळी उतरायचा, हा रोजचा क्रम. मागच्या वर्षी पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला, म्हणजे लोखंडी चकतीला, दोन्ही बाजूंनी दाबणारे तुकडे) बदलायला आले. स्पेअर पार्टच्या दुकानात गेले तर काउंटरवरून प्रश्न आला, ‘‘कंपनीचे देऊ की लोकल? जुनी गाडी आहे मॅडम, लोकल घ्या, चालून जातील.’’ निम्म्याहून कमी किमतीत मिळाले. बिल त्यांनी दिले नाही, मी मागितले नाही.

तीन आठवड्यांनी, सुट्टीच्या गर्दीत घाट उतरत होते. पुढे पर्यटकांच्या गाड्यांची रांग, त्यामुळे पाय सतत ब्रेकवर. करपल्यासारखा वास आला, वाटले पुढच्या ट्रकचा असेल. पुढच्या वळणावर पेडल दाबले. पेडल नेहमीसारखे घट्ट होते, पण गाडी थांबेना. तिसऱ्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून पहिला गिअर टाकत, हँडब्रेक थोडा थोडा ओढत डोंगराकडच्या चरात चाक उतरवले, तेव्हा गाडी उभी राहिली. शेजारी सहकारी शिक्षिका होत्या, मागे त्यांची लहान मुलगी झोपलेली होती. ती उठलीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या मेकॅनिकने चाक काढून पॅड माझ्या हातात ठेवले. वरचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत, नखाने ओरखडासुद्धा उठेना. कडेचा मसाला (डिस्कवर घासून गाडी थांबवणारा थर) बिस्किटासारखा भुगा होऊन पडत होता. लोखंडी पट्टी आणि मसाला यांच्यामध्ये एवढी भेग, की पोस्टकार्डाचा कोपरा आत जाईल. पट्टीवर कसलाही नंबर नाही, बनवणाऱ्याचे नाव नाही.

नंतर घाट उतरताना तयार होणाऱ्या उष्णतेचे गणित मी नववीच्या वर्गात फळ्यावर मांडले. पाचगणी वाईपेक्षा सुमारे पावणेसहाशे मीटर उंच आहे. माणसांसकट गाडी एक हजार किलोची धरली, तर खाली येईपर्यंत सुमारे ५६ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरली पाहिजे. सतरा-अठरा लिटर गार पाणी उकळीला आणायला लागते तितकी ही उष्णता. खालच्या गिअरवर उतरलो तर तिच्यातला मोठा वाटा इंजिन घेते. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून उतरणारे इंजिनाचा हा वाटाही ब्रेकवर टाकतात, आणि त्यातही जास्त पुढच्या दोन चाकांवर. पॅडमधला मसाला राळेने बांधलेला असतो. हलक्या प्रतीची राळ तापली की तिच्यातून वायू सुटतो, पॅड आणि डिस्क यांच्यात त्याचा थर बसतो, आणि पेडल घट्ट असूनही गाडी थांबत नाही. माझे तेच झाले. पेडल मऊ पडून खाली जात असेल, तर ब्रेक ऑइल (पेडलचा दाब चाकांपर्यंत नेणारे) उकळून त्यात बुडबुडे झाले असण्याची शक्यता जास्त. ते हवेतला ओलावा शोषते. नवे डॉट-३ प्रतीचे ऑइल २०५ अंश सेल्सिअसच्या खाली उकळू नये असे मानक आहे, पण ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी हाच आकडा १४० आहे. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचे. जुन्या गाड्यांचे मालक पॅड बदलतात आणि हे विसरतात.

मग घ्यायचे कोणते? महागातले महाग, असे मी म्हणणार नाही. शर्यतीच्या गाड्यांचे पॅड तापल्याशिवाय नीट पकडत नाहीत, महाबळेश्वरच्या थंडीत सकाळच्या पहिल्या ब्रेकला ते दगा देतील. सिरॅमिक पॅडची काळी भुकटी कमी, आवाज कमी, पण किंमत जास्त. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीला साधे ऑरगॅनिक पॅड पुरतात. रोज घाट असेल तर सेमी-मेटॅलिक (मसाल्यात धातू मिसळलेले) पॅड उष्णता जास्त सोसतात, मात्र डिस्क थोडी लवकर झिजवतात आणि कधी कधी कुरकुरतात. मी गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या प्रतीचेच घेतले. एकाच मॉडेलला वर्षागणिक वेगळे पॅड लागू शकतात, म्हणून नुसते ‘वॅगन-आरचे द्या’ म्हणू नये. आरसी बुकातला चॅसी नंबर दाखवावा आणि जुना पॅड सोबत न्यावा. पट्टीवर किंवा मसाल्याच्या कडेला ‘एफएफ’, ‘जीएफ’, ‘एफई’ अशी दोन अक्षरे असली तर ती वाचावीत. पहिले अक्षर साधारण तापमानातली पकड सांगते, दुसरे तापल्यावरची. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ त्याच्या वर. अक्षरांवरून पॅड किती टिकेल ते कळत नाही. पण दुसरे अक्षर ‘ई’ असलेला पॅड मी घाटासाठी घेणार नाही.

जुन्या गाडीत नवा पॅड नुसता बसवून भागत नाही. माझ्या डाव्या चाकाचा आतला पॅड झिजून बाहेरच्याच्या निम्माच उरला होता, कारण कॅलिपरची (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीची) पिन गंजून अडकली होती. पिन साफ करून ग्रीस लावले, म्हणून नवे पॅड आज सारखे झिजताहेत. डिस्कची किमान जाडी बहुतेक वेळा तिच्यावरच कोरलेली असते. ती मोजून घ्यायला सांगा, लेथवर घासून आणखी पातळ करू देऊ नका. पॅड दोन्ही चाकांचे एकदमच बदलावेत, आणि मसाला तीन मिलिमीटरवर आला की वाट पाहू नये. बसवल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल चार-पाच वेळा दाबून घट्ट करून घ्या, पहिल्या दाबाला ते तळाशी जाते. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोराचे ब्रेक टाळावेत आणि तोवर घाटात जाऊ नये.

एक गोष्ट पाहून जीव कळवळतो. गॅरेजमधली पोरे ब्रेकची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवतात आणि तोंडावर साधा रुमालही नसतो. नाव-गाव नसलेल्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, आणि त्याचे तंतू फुफ्फुसात गेले की वर्षानुवर्षे तिथेच अडकून राहू शकतात. ओल्या फडक्याने पुसायला किती वेळ लागतो?

आपल्याकडे माझे दोन आग्रह आहेत. ‘ब्रेक निकामी’ असे लिहिताना वार्ताहरांनी पोलिसांना आणि परिवहन अधिकाऱ्यांना एवढे विचारावे : पॅड कोणते होते, किती झिजले होते, ऑइल कधी बदलले होते? आणि पावसाळ्याआधी दुकानांमधून बिल व पार्ट नंबर न देता विकल्या जाणाऱ्या ब्रेकच्या मालावर एक वृत्तांत करावा. भेग पडलेला तो पॅड मी शाळेच्या प्रयोगशाळेत कपाटात जपून ठेवला आहे. आपल्या वार्ताहराला पाहायचा असेल, छायाचित्र घ्यायचे असेल, तर शाळेच्या वेळेत केव्हाही यावे.

आपली नम्र,
एक शिक्षिका, वाई (जि. सातारा)