स्वयंपाकघर आणि सनरूमचा चुकीचा आराखडा : आगाऊ रक्कम परत मिळण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

विलेपार्ले (पूर्व) इथल्या आमच्या बैठ्या घराचं स्वयंपाकघर नव्यानं करायचं आणि मागच्या ओसरीची काचेची खोली करायची, यासाठी मार्चमध्ये मी तुमच्याकडे 1,50,000 रुपये आगाऊ भरले. तुमचा डिझायनर एकदाच आला. लेझरनं मापं घेतली आणि वीस मिनिटांत चहासुद्धा न घेता गेला. घर 1956 सालचं आहे, हे मी त्याला दोनदा सांगितलं होतं.

आराखड्यात स्वयंपाकघर आणि ओसरी यांच्यामधल्या भिंतीवर 'पार्टिशन' लिहून तिचा सात फुटांचा तुकडा काढून टाकलाय. ती चौदा इंची विटांची भिंत आहे. या घरात कॉलम-बीम नाहीत, छपराच्या तुळया तिच्यावरच टेकल्यात. तिच्यातल्या खिडकीच्या कट्ट्यावर माझ्या लोणच्याच्या बरण्या दोन रांगांत उभ्या असतात. तेवढं बघितलं असतं तरी जाडी कळली असती. फोन केला तर, "तोडताना बघू, लोखंडी गर्डर टाकू." आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा म्हटलं, तर त्याचे पैसे वेगळे!

सनरूमचं चित्र देखणं आहे, वाद नाही. वेताची खुर्ची, कुंड्या, वाफाळता मग. पण ओसरी पश्चिमेला आहे. मे महिन्यात दुपारी तीननंतर तिथं उभं राहवत नाही, आणि तुम्ही तिन्ही बाजूंना बंद काच, वर पॉलिकार्बोनेट दिलंय. उघडणारं तावदान एकही नाही. पावसाळ्यात कौलांच्या पागोळ्या नेमक्या नव्या छपराच्या जोडावर पडणार, तिथं पन्हळ दाखवलेली नाही. "सिलिकॉन भरू" म्हणे. जुलैतला पार्ल्याचा आडवा पाऊस सिलिकॉनला जुमानत नाही, हे आमच्या खिडक्यांनी आम्हाला शिकवलंय.

कहर चिमणीचा. तिचा पाइप उरलेल्या भिंतीतून 'बाहेर' काढलाय, पण बाहेर आता ती काचेचीच खोली. म्हणजे मी बांगडे तळायचे, धूर खोलीत भरायचा आणि सात फुटांच्या वाटेनं परत ओट्यावर यायचा. पाइप गॅसचा मीटरही त्याच खोलीत कोंडला जातोय. त्याचा आराखड्यात उल्लेखच नाही.

"आतलं काम आहे, परवानगी लागत नाही," हेही तुमच्याच माणसाचं. असं वाढीव बांधकाम करण्याआधी मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 च्या कलम 342 नुसार पालिकेला नोटीस द्यावी लागते. काम थांबवण्याची नोटीस आली तर ती घरमालकाच्या, म्हणजे माझ्या नावानं येईल, तुमच्या नाही.

काम सुरू झालेलं नाही, एक वीटही हललेली नाही. तेव्हा काम रद्द समजून, भेटीचं ठरलेलं शुल्क 2,000 रुपये वजा करून उरलेले 1,48,000 रुपये 15 दिवसांत परत करावेत. "दुसरं डिझाइन देतो" हा पर्याय मला नको. पैसे आले नाहीत तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन.

आपली,
एक ग्राहक
विलेपार्ले (पूर्व), मुंबई

सोबत : पावती, आराखड्याची प्रत आणि खिडकीत टेप धरून काढलेला भिंतीचा फोटो (बरण्यांसकट).