गुलाब आणि ऊद कोणाला शोभतो?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत सुगंध आणि व्यक्तिमत्त्व या विषयावर आलेला लेख मी दोनदा वाचला. गुलाब आणि ऊद, म्हणजे अगरूच्या झाडाची सुगंधी राळ, यांचे अत्तर हे चारचौघांत उठून दिसू पाहणाऱ्या, धाडसी आणि काहीशा गूढ माणसांनी, त्यातही पुरुषांनी, रात्रीच्या समारंभांना लावायचे अत्तर आहे, असा त्याचा सूर आहे. हा समज जाहिरातींनी पक्का केलेला असल्यामुळे लेखिकेला दोष देण्याचा माझा हेतू नाही. परंतु तीसएक वर्षे हे अत्तर जवळून अनुभवल्यानंतर माझे मत नेमके उलट झाले आहे. मितभाषी, धीराच्या आणि आपल्या कामात मुरलेल्या माणसाला ते शोभते, मग ती स्त्री असो वा पुरुष.

ज्या कार्यालयात मी नोकरीची बहुतेक वर्षे हिशेब लिहिले, तेथे आमच्या विभागप्रमुख एक बाई होत्या. त्यांच्या पर्समध्ये स्टीलच्या छोट्या डबीत अत्तराची एक कुपी असे आणि तिच्याबरोबर कापूस गुंडाळलेली आगपेटीची काडी. सकाळी कामाला बसण्यापूर्वी त्या ती काडी कुपीच्या तोंडाशी टेकवून कानामागे एकदाच लावीत. त्या दालनात आल्या म्हणजे वास येई, असे कधीच झाले नाही. माझ्या खतावणीवर वाकून त्यांनी एखाद्या चुकलेल्या आकड्यावर बोट ठेवले, की तेवढ्यापुरता तो जाणवे: आधी सुकत आलेल्या गुलाबाच्या पाकळ्यांसारखा, आणि त्यामागून जुन्या लाकडी कपाटाचे दार उघडल्यासारखा. त्यांनी आवाज चढवल्याचे मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी खतावणी उघडली, तरी त्यांचा हात जिथे टेकला होता त्या पानाला तो वास मंदपणे असायचा. गुलाब आणि ऊद कोणासाठी, असे कोणी विचारले की माझ्या डोळ्यांपुढे त्या बाई उभ्या राहतात.

हे केवळ आठवणीतून आलेले मत नाही, कारण या अत्तराची घडणच तशी आहे. गुलाबाच्या तेलातले मुख्य सुगंधी घटक तुलनेने हलके असल्याने लवकर उडून जातात. उदाच्या राळेतले घटक जड असतात, ते त्वचेला आणि कापडाला धरून राहतात आणि गुलाबालाही काही काळ रोखून धरतात. अस्सल उदाचे तेल पहिल्या काही मिनिटांत उग्र वाटते, कातड्याची किंवा गोठ्याची आठवण करून देते, आणि नवखा माणूस तिथेच नाक मुरडतो. गुलाब तो उग्रपणा सावरतो, मग हळूहळू मागे सरतो, आणि तीन-चार तासांनी जो ऊबदार, किंचित गोडसर वास उरतो तो सकाळच्या वासाहून पुष्कळ वेगळा असतो. मुंबईत मोहम्मद अली रोडजवळच्या एका वृद्ध अत्तरवाल्यांनी काचेची काडी माझ्या मनगटामागे टेकवली आणि मी मत देऊ लागले तेव्हा मला थांबवून म्हणाले, ‘‘आत्ता काही सांगू नका. बाजार करून या, मग बोलू.’’ मी दोन तासांनी परत गेले तेव्हा त्यांनी काही न विचारता कुपी बांधायला घेतली. ज्या माणसाला पहिल्या भेटीतच समोरच्याची वाहवा हवी असते, त्याला हे अत्तर मानवत नाही. त्याच्यासाठी मोगरा आहे, वाळा आहे, आणि त्यांत कमीपणा काहीच नाही.

ऊद म्हणजे रुबाब, हा समज तसा जुनाच. अमरकोश या आपल्या संस्कृत शब्दकोशात अगरूला ‘राजार्ह’, म्हणजे राजाला योग्य, असे म्हटले आहे. पण अमरकोशाच्या त्याच ओळीत ‘कृमिज’, म्हणजे किड्यांपासून उपजलेले, हेही नाव आहे. हे दुसरे नाव वस्तुस्थितीच्या अधिक जवळ जाते. अगरूच्या निरोगी झाडाचे लाकूड फिके आणि जवळजवळ बिनवासाचे असते. खोडाला इजा झाली, किड्यांनी भोके पाडली आणि बुरशी आत शिरली, की झाड बचावासाठी गडद राळ तयार करते, आणि ती मुरायला वर्षे लागतात. हे झाड आसामचे. रघुराजा लौहित्य नदी, म्हणजे ब्रह्मपुत्रा, ओलांडून गेला तेव्हा त्याचे हत्ती काळ्या अगरूच्या झाडांना बांधले होते आणि त्या झाडांबरोबर प्राग्ज्योतिषाचा, म्हणजे प्राचीन आसामचा, राजाही थरथरला, असे कालिदासाने रघुवंशाच्या चौथ्या सर्गात लिहिले आहे. आजही आसामातील होजाई हे गाव अगरूच्या व्यापारासाठी ओळखले जाते. आपल्या रोजच्या ‘उदबत्ती’ या शब्दातही हाच ऊद आहे, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही.

गुलाबाच्या अत्तराचे श्रेय जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात नूरजहानच्या आईला, अस्मत बेगम यांना, दिले आहे. गुलाबपाणी तयार करताना भांड्यांवर जमणारी साय त्यांनी थेंबाथेंबाने गोळा केली. त्यातला एक थेंब तळहातावर चोळला तर सारी मैफल दरवळते, असे तो सांगतो. एक थेंब, हा शब्द बादशहाचा आहे, हे आजच्या फवाऱ्याच्या काळात मुद्दाम लक्षात घ्यावे. एक किलो शुद्ध गुलाबतेलासाठी काही हजार किलो पाकळ्या लागतात. कनौजच्या भट्ट्यांवर आजही तांब्याच्या देगेतून बांबूच्या नळीने वाफ भपक्यात, म्हणजे ती थंड होऊन जमते त्या भांड्यात, उतरवतात, आणि त्यासाठी फुले पहाटे, ऊन चढण्याआधी, खुडावी लागतात.

गुलाब बायकांचा आणि ऊद पुरुषांचा, ही वाटणीही मला मान्य नाही. आखाती देशांत गुलाब आणि उदाचे मिश्रण स्त्रिया आणि पुरुष दोघेही लावतात. आपल्याकडे लग्नात दाराशी उभे राहून पाहुण्यांच्या हातावर अत्तर लावणारे आणि गुलाबदाणी शिंपडणारे बहुधा घरातले पुरुषच असत, आणि अत्तरगुलाब घेताना कोणाही पुरुषाने हात मागे घेतल्याचे मी पाहिले नाही. 2002 साली इव्ह सां लोराँ या फ्रेंच कंपनीने ऊद मध्यवर्ती असलेले ‘एम 7’ हे अत्तर पुरुषांसाठी म्हणून बाजारात आणले. पुढे इतर पाश्चात्त्य कंपन्याही उदाकडे वळल्या आणि त्याच्याभोवती काळ्या बाटल्या, रात्र आणि गूढता यांचे वलय तयार झाले. ते त्यांच्या विक्रीसाठी ठीक असेल. पण आपल्या भाषेत गंधशास्त्राची स्वतःची परंपरा आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील प. कृ. गोडे यांनी ज्या जुन्या गंधशास्त्रीय ग्रंथांचा परिचय करून दिला, त्यांतील ‘गंधवाद’ या ग्रंथावर चक्क मराठी भाष्य आहे. मराठी पुरवणीने तिकडे वळून पाहावे, एवढी अपेक्षा मी बाळगते.

एका गोष्टीत मी स्वतः फसले आहे, तेही सांगते. एका दुकानात ‘शुद्ध ऊद’ म्हणून अगदी स्वस्तात मिळालेली कुपी मी घरी आणली. सकाळी लावलेला वास रात्रीपर्यंत तसूभरही बदलला नाही आणि डोके मात्र दुखू लागले. कृत्रिम ऊद वाईटच असतो असे माझे म्हणणे नाही. बाजारातील बहुतेक अत्तरांत तोच असतो आणि कुशल हातांनी वापरला तर तो सुंदरही लागतो. शिवाय अगरूचे झाड इतके तोडले गेले आहे, की 1995 पासून आसामातील या जातीचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाखाली आहे. त्यामुळे प्रत्येकाने नैसर्गिक उदाचाच हट्ट धरावा, हेही योग्य नाही. फक्त गिऱ्हाइकाला खरे काय ते सांगितले गेले पाहिजे.

माझा बावीस वर्षांचा भाचा तबला शिकतो. रियाजाला बसण्यापूर्वी तो हे अत्तर एक ठिपका एवढेच लावतो, आणि त्याला ते शोभते. तेव्हा वयाचाही येथे संबंध नाही. संबंध आहे तो प्रमाणाशी. आपल्या दमट हवेत, लोकलच्या गर्दीत, गुलाब आणि ऊद दोन थेंबांच्या वर गेला की शेजारच्याला त्रास होतो.

या विषयावर पुढे लेख छापाल तेव्हा राशी आणि स्वभावाच्या तक्त्याऐवजी वाचकांना इतकेच सांगावे, की मनगटावर ठिपका लावून दुकानातून बाहेर पडा, चार तास आपली कामे करा, आणि मग घरातल्या कोणाला तरी जवळ बोलावून विचारा. ही विनंती.

आपली नम्र,
एक नियमित वाचक, ठाणे