राजहंसांची पिल्लं येण्याआधी

नागपूर

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, वावरात राजहंस पाळायचे तर पिल्लं फेब्रुवारीतच आणा. ८-९ आठवड्यांत अंगावर पिसं भरतात, म्हणजे मे लागेपर्यंत ती धड झालेली असतात. एकटं पिल्लू झुरतं, निदान ५-६ हवीत. आणि मनाशी एक पक्कं धरा: हा पक्षी बकरीसारखा चरणारा आहे. कोंबडीच्या हिशेबाने वाढवला की बिघडतो.

पहिले तीन आठवडे फार नाजूक. बल्बखाली पहिल्या आठवड्यात ३२ ते ३४ अंश ऊब हवी, पुढे दर आठवड्याला ३ अंश कमी. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजतेय, चोच उघडून दूर पळाली तर उकडतंय. दुपारी बहुधा बल्ब बंदच करावा लागेल. खाली वर्तमानपत्र अंथरू नका, त्यावर पाय घसरून फाकतात. गोणपाट किंवा तणस बरी. पाण्याचं भांडं नाकपुड्या बुडतील एवढं खोल हवं, पण पिल्लू आत उतरता कामा नये. आईविना वाढणाऱ्या पिल्लांच्या लवेला तेलाचा लेप नसतो. भिजली की गारठून मरतात. भांडं जाळीच्या ट्रेवर ठेवा, सांडलेलं पाणी खाली जाईल.

खाद्य म्हणून कोंबडीच्या पिल्लांचं स्टार्टर चालतं, पण औषध मिसळलेलं घेऊ नका. ही पिल्लं खूप जास्त खातात, त्यामुळे औषधाची मात्राही वाढते. शिवाय कोंबडीच्या स्टार्टरमध्ये नायसिन हे जीवनसत्त्व यांच्या गरजेपेक्षा कमी असतं, मग गुडघे सुजतात, पाय वाकतात. ते भरून काढायला वाटीभर खाद्याला एक मोठा चमचा ब्रुअर्स यीस्टची पूड मिसळा. सुरुवातीला २० टक्के प्रथिनं, तीन आठवड्यांनंतर १५ च्या आसपास. बाबा, लाडाने दाणा वाढवू नका. पिसं हाडांपेक्षा लवकर जड होतात आणि पंखाचं टोक बाहेर वळतं. लवकर लक्षात आलं तर पंख नीट मिटवून काही दिवस चिकटपट्टीने बांधायचा आणि दाणा कमी करायचा. उशीर झाला की ते आयुष्यभर तसंच राहतं.

पिल्लं थोडी मोठी झाली की चरायला हराळी, लसूणघास, बरसीम. गवत ३-४ इंचांवर कापलेलं ठेवा, उंच आणि चिवट गवत त्यांना नको असतं, गळ्यात अडकतंही. सोबत बारीक खडे हवेतच, त्यांच्याशिवाय गवत दळलं जात नाही.

संत्र्याच्या बागेत ते तण छान खातात, पण खोडाला बोर्डो पेस्ट लावली असेल तर अजिबात सोडू नका. त्यात मोरचूद असतं, ते पोटात गेलं की विषबाधा होते. पावसाळ्याआधी आणि नंतर तुम्ही पेस्ट लावता, त्या दिवसांत बाग बंद. तणनाशक, कीटकनाशक फवारलं तरी तेच. आणि गोठ्यातली सरकी ढेप त्यांच्यासमोर ठेवायची नाही, सरकीतलं गॉसिपॉल नावाचं विष बाधतं. गुरांच्या खाद्यात युरिया असू शकतो, तेही नको. बुरशी धरलेला मका तर मुळीच नाही. पावसाळ्यात पोतं उघडलं की आधी वास घ्या.

तळं लागत नाही. वीतभर खोल टाकी पुरते, पण पाणी रोज बदलायचं. ते घाण पाणी आळ्याच्या कडेला ओता, खोडाशी नको, नाहीतर डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग, वाढतो. मेमध्ये दुपारी १२ ते ५ त्यांना हाकू नका. दाट सावली, हिरवी जाळी, शेजारी पाणी. दाणा सकाळ-संध्याकाळच.

रात्री मुंगूस, रानमांजर आणि कुत्री येतात. एका पक्ष्याला १० चौरस फूट, अर्ध्या इंचाची जाळी, खाली मुरूम. काळ्या मातीच्या चिखलात त्यांचे तळपाय सडतात. अचानक दोन-तीन मेले तर हात लावू नका, लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

आई, अंड्यांच्या दिवसांत नर अंगावर येतो. पळू नकोस, पाठही फिरवू नकोस. छत्री उघडून जागेवर उभी राहा. पकडायचंच झालं तर दोन्ही पंख अंगाशी धरून काखेत घ्यायचा, तोंड मागच्या बाजूला. पाय किंवा एकच पंख धरून उचललं तर हाड मोडतं. पण ४-५ किलोचं ते धूड तू उचलूच नकोस, बाबांना हाक मार.

रविवारी जाळी घेऊन येते. खांब तेवढे रोवून ठेवा.

तुमची लेक