जुन्या गोव्यात खजिना शोधायला या, फावडं मात्र घरीच ठेवा

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी आम्ही मुलांच्या खेळासाठी ‘खजिना शोध’ असा फलक लावला आणि दुसऱ्याच दिवशी एक गृहस्थ चौकशीला हजर: खणायचं कुठं? त्यांची समजूत घालण्यात अर्धा तास गेला. म्हणून यंदा आधीच सांगतो. ही स्मारकं पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहेत आणि इथली चर्चं १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. खणणं सोडाच, दगडावर खडूची रेघही ओढायची नाही. खजिना डोळ्यांनीच शोधायचा.

पाच-पाच मुलांचे गट, प्रत्येकाच्या हातात कोड्याची चिठ्ठी. सुरुवात दिवाडी बेटाला जाणाऱ्या फेरीच्या अलीकडच्या धक्क्यावर. ‘पणतूनं पणजोबांना दारावर उभं केलं, तोंड नदीकडं’ म्हणजे व्हॉइसरॉयची कमान. ती बांधणारा फ्रान्सिस्को द गामा हा वास्को द गामाचा पणतू. ‘महाल गेला, दार राहिलं’ म्हणजे सेंट कॅजेटन चर्चजवळचं आदिलशाही वाड्याचं काळ्या दगडाचं दार. पुढं से कॅथेड्रल: ‘माझा जुळा भाऊ १७७६ साली कोसळला, मी अजून घंटा सांभाळतोय.’ या कोड्याला मुलं सगळ्यात जास्त अडतात, कारण मान वर करून बुरूज मोजायचं कुणाच्या मनातच येत नाही.

शेवटचा मुक्काम सेंट कॅथरीनचं चॅपेल. पर्यटकांची गर्दी से कॅथेड्रल आणि म्युझियम बघून परत फिरते. पलीकडच्या या छोट्या वास्तूकडं फारसं कुणी वळत नाही. खरं तर गोष्ट इथूनच सुरू होते. २५ नोव्हेंबर १५१०, सेंट कॅथरीनचा दिवस. त्या दिवशी पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्क ज्या दारानं शहरात शिरला, त्या दाराच्या जागी त्यानं हे चॅपेल उभारलं. १५३४ मध्ये पोपनं त्याला कॅथेड्रलचा दर्जा दिला. १५५० मध्ये गव्हर्नर जॉर्ज काब्राल यानं ते नव्यानं बांधून तसा शिलालेख बसवला. आज दिसतं ते रूप १९५२ च्या जीर्णोद्धारानंतरचं. ‘म्हणजे हे जुनं की नवं?’ असं मुलं विचारतात. आम्ही उत्तर देत नाही, शिलालेखाकडं बोट दाखवतो.

गेल्या खेपेला नार्व्याची एक मुलगी त्या लेखासमोर उभी राहिली. हात लावायचा नाही म्हणून हवेतच बोट फिरवत तिनं साल वाचलं आणि विचारलं, “मग १५१० च्या आधी हे दार कुणाचं होतं?” आमच्या चिठ्ठीत तो प्रश्नच नव्हता! उत्तर तर ती वाटेत बघून आली होती: आदिलशहाचं काळं दार. तिच्या गावच्या सप्तकोटेश्वराचं मूळ स्थानही नदीपलीकडं दिवाडीवरच, आणि नार्व्याचं देऊळ १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी पुन्हा बांधून घेतलेलं. तिचा प्रश्न यंदा चिठ्ठीत आहे.

आता मागणं. सगळ्यात आधी माणसं हवीत. कमानीपासून कॅजेटनकडं येताना रस्ता ओलांडावा लागतो, तिथं दोरी धरून उभं राहायला चार-पाच जण लागतील. गेल्या वर्षी दोघंच होतो, आणि खरं सांगायचं तर जीव टांगणीला लागला होता. मराठी आणि कोंकणी दोन्ही येणारे कॉलेजवाले असतील तर उत्तमच. पोर्तुगीज वाचता येणारं कुणी जाणतं माणूस मिळालं तर शिलालेखाचा आमचा मराठी अनुवाद एकदा तपासून द्यावा, ही विनंती.

दुसरं, गाडी. नार्व्याची मुलं फेरीनं दिवाडीला उतरतात, बेट ओलांडतात आणि पुन्हा फेरीत बसतात. मधल्या बेटावरचा रस्ता त्यांना चालत काढायला लावणं बरं नाही. सकाळ-संध्याकाळ एकेक खेप मारायला कुणी मिनीबस दिली तर डिझेल आम्ही घालू.

पैसे लागतात ते चिठ्ठ्यांची छपाई, पाणी, टोप्या आणि प्रथमोपचाराच्या पेटीसाठी. पन्नास रुपये दिले तरी पावती मिळेल. हिशेब फलकावर लागेल, उरलेली रक्कम पुढच्या वर्षाला जाईल. मुलांकडून मात्र एक पैसाही घेणार नाही. त्यावर मंडळात वाद झाला होता, तो मिटला.

चालणं जानेवारीतल्या रविवारी, सकाळची मीस (चर्चमधली प्रार्थना) संपल्यावर. २५ नोव्हेंबरच धरा, असं पुष्कळांनी सुचवलं. पण २४ पासून सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या, नोव्हेना (फेस्ताच्या सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना) सुरू होतात, त्या गर्दीत पोरं हरवायची.

आणि खजिन्याच्या पेटीत काय? खाजं. आल्याचा वास येणारं, फेस्तातलं. खाजेवाल्याला ३ डिसेंबरच्या फेस्तातच आगाऊ सांगून ठेवायचं आहे, तेव्हा आपली मदत त्याआधी मंडळाच्या कुठल्याही कार्यकर्त्याकडं पोचती करावी.