लॅम्पआधी अर्थिंगचा खड्डा पाहा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

चिकलठाणा-वाळूजचे औषध कारखाने असोत की मराठवाड्यातली फार्मसी महाविद्यालये, मे महिन्यात एचपीएलसीची (औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राची) बेसलाइन, म्हणजे आलेखाची तळाची रेघ, थरथरू लागली की पहिला संशय डिटेक्टरच्या ड्युटेरियम लॅम्पवर, म्हणजे अतिनील प्रकाश देणाऱ्या दिव्यावर. तो महाग असतो, आणि 1000 ते 2000 तास चालतो. तास भरले नसतील तर मागवण्याची घाई नको. लॅम्प चालू ठेवून पंप तेवढा थांबवा आणि दहा मिनिटे रेघ पाहा.

रेघ शांत झाली तर दोष पंपात किंवा मोबाइल फेजमध्ये, म्हणजे यंत्रातून वाहणाऱ्या द्रावकात. प्रेशरही त्याच ठेक्यात हलत असेल तर पंप हेडमध्ये हवा आहे किंवा चेक व्हॉल्व्ह (द्रव उलटा जाऊ न देणारी झडप) चिकटतोय. पर्ज व्हॉल्व्ह उघडून मिनिटाला 5 मिली वेगाने पाच मिनिटे पर्ज करा, म्हणजे द्रावक वाहू देऊन हवा बाहेर काढा. नाहीच भागले तर चेक व्हॉल्व्ह काढून आयसोप्रोपेनॉलमध्ये 15 मिनिटे सॉनिकेट करा (ध्वनिलहरींनी धुवा). मधूनच टोकदार स्पाइक उठतात ते बहुधा फ्लो सेलमधल्या (डिटेक्टरचा प्रकाश ज्यातून जातो त्या छोट्या कुपीतल्या) बुडबुड्यामुळे, द्रावकातली हवा काढणारा डिगॅसर तपासा. 210 नॅनोमीटरला काम करताना मेथेनॉल वापरले तर नॉइज (रेघेची थरथर) येणारच, त्याचा कटऑफच 205 आहे; त्याच्या आसपास आणि खाली तो स्वतःच प्रकाश शोषतो. तिथे अ‍ॅसिटोनायट्राइल घ्या. कॅनमध्ये आठवडाभर ठेवलेले पाणी तर नकोच.

पंप थांबूनही रेघ नाचते? मग लॅम्पची एनर्जी पाहा. ती ठीक असेल तर फ्लो सेल काढून पाहा. नॉइज गेला तर सेल मळलाय. तरीही राहिला तर मल्टिमीटर घ्या आणि सॉकेटवर न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज मोजा. दोन-तीन व्होल्टच्या वर काटा गेला की यंत्राला दोष देऊ नये. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा जातो आणि रोध वाढतो. त्यात फ्रीज आणि मफल फर्नेस (प्रयोगशाळेतली विजेची भट्टी) त्याच लाइनवर! कॉम्प्रेसर सुरू होताच रेघेला झटका बसतो. एसीचा झोत थेट डिटेक्टरवर असेल तर रेघ संथ लाटेसारखी वरखाली होते, तो प्रकार वेगळा; झोत वळवला की भागते.

हा नुसता नीटनेटकेपणाचा प्रश्न नाही. औषधातल्या अशुद्धीचे आलेखावरचे शिखर नॉइजच्या दहापट उंच नसेल तर तिचा आकडा धरता येत नाही.

महाविद्यालयांनी मार्चअखेर अर्थिंग मोजून घ्यावे, आकडा वहीत लिहावा आणि पाऊस पडेपर्यंत खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतण्याचे काम कुणाच्या तरी नावावर टाकावे.

– एक विश्लेषक, छत्रपती संभाजीनगर