१७२ दिसले की आतला?

मा. संपादक,

मिरजेतल्या एका पतसंस्थेचे संगणक आणि नेटवर्क मी सांभाळते. गेल्या दिवाळीत तिथले एक संचालक मुलाकडे न्यू जर्सीला गेले होते. तिथून त्यांचा फोन आला, "ताई, मिरजेत मोबाइलवरून लॉगिन केलं की दरवेळी ओटीपी मागतं. इथून थेट आत जाता येतंय!" ते कौतुकाने सांगत होते, मला घाम फुटला. सॉफ्टवेअर फक्त शाखेतल्या संगणकांना ओटीपीशिवाय आत घेते. मग अमेरिकेतला मोबाइल शाखेतला कसा ठरला?

लॉगिनची नोंद काढली. आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा क्रमांक, १७२.५८ ने सुरू होणारा, तिथल्या मोबाइल कंपनीचा. सॉफ्टवेअरमधला नियम असा निघाला: १७२ ने सुरू होणारा प्रत्येक पत्ता आतला.

आतला, म्हणजे खासगी आयपी पत्ता हा हजेरी क्रमांकासारखा. बारा नंबरचा मुलगा प्रत्येक वर्गात असतो. वर्गाबाहेर त्या नंबरावरून कोणी सापडत नाही. असे तीन पट्टे १९९६ च्या मानकात ठरलेले आहेत: १० ने सुरू होणारे सगळे, १९२.१६८ चे सगळे, आणि १७२ पैकी फक्त १७२.१६ ते १७२.३१. उरलेले १७२ खुल्या इंटरनेटचे, गूगलचेही त्यात आहेत.

१००.६४ ते १००.१२७ हा पट्टाही २०१२ मध्ये राखून ठेवला गेला, पण तो इंटरनेट कंपन्यांसाठी, एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवता यावेत म्हणून. त्याला घरचा समजलात, तर त्याच कंपनीचा अनोळखी ग्राहकही घरचा होऊन बसेल.

सुरुवातीचे आकडे जुळले की दार उघडायचे, हा निव्वळ आळस आहे. पूर्ण पट्टा तपासण्याची सोय पायथॉनसारख्या प्रोग्रामिंगच्या भाषेत तयार मिळते. आणि खासगी पत्ता म्हणजे काही ओळखपत्र नव्हे. जिथे लोकांच्या ठेवी आहेत तिथे शाखेत बसलेल्यालाही ओटीपी मागितलाच पाहिजे.

लेखापरीक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. संस्थेचे सॉफ्टवेअर तपासताना त्याला चार पत्ते देऊन बघा: १७२.१५.२५५.२५५, १७२.१६.०.०, १७२.३१.२५५.२५५ आणि १७२.३२.०.०. मधले दोन आतले, कडेचे दोन बाहेरचे ठरले पाहिजेत.

आमच्याकडची चूक सॉफ्टवेअर कंपनीने दोन दिवसांत दुरुस्त केली. हेच सॉफ्टवेअर वापरणाऱ्या इतर पतसंस्थांत ती दुरुस्ती पोहोचली का, हे मी दोनदा लेखी विचारले आहे. अजून उत्तर आलेले नाही.

– एक नेटवर्क तंत्रज्ञ, मिरज